मेतोदीची मिरची

"तू काढणार आहेस त्या मिरचीच्या फोटोकडे बघून कोणाच्या डोळ्यात टिपूस जरी आला ना मेतोदी, तर बायकोचा एप्रन घालून अख्ख्या इमारतीच्या साठवणीच्या मिरच्या मी अंगणात भाजीन!" शेजारचा रांगेल राकिया दारूचा पेला आपटत म्हणाला.

"आणि नाही आला तर?"

"कॅमेरा तळघरात. लोणच्याच्या बरण्यांमागे. कायमचा."

बाकावरचे सगळे खिदळले. मेतोदीने हात पुढे केला. निवृत्त झाल्यापासून त्याचं स्वतःचं म्हणावं असं तो कॅमेराच होता. बाकी घर बायकोचं, नेव्हेनाचं, त्याला धरून.

पण पैज मारायला काय जातं? भाजून सोललेली एक मिरची बाटलीला टेकवून मेतोदीने ती मुद्दाम धूसर टिपली. वस्तू दिसू नये, भाव दिसावा, असं त्याचं म्हणणं. मग कॉम्प्युटरवर तिचे रंग बदलत बसला. लाल भडक केली, तर नेव्हेना म्हणाली, "पित्त उठल्यासारखी दिसतेय." निळी केली, तर म्हणाली, "हिला डॉक्टरला दाखव." जांभळी केली तेव्हा ती उठून जेवायला वाढायला गेली.

शेवटी पाठ धरली, डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा वैतागून त्याने रंगच काढून टाकले. भोवती जाड काळी चौकट मारली आणि खाली आपलं नाव, फोटोचं नाव आणि तो दाखवण्याचा दिवस लिहिला: 'मेतोदी काराजोव. शेवटचं ऊन. शनिवारी अंगणात. सर्वांनी यावं.'

कागद त्याने इमारतीच्या दाराला चिकटवला. तिथे वारलेल्या पोस्टमनचा कागद आधीच होता, त्याच्या शेजारी जागा रिकामी होती. गावात माणूस गेला की त्याचा फोटो असाच काळ्या चौकटीत दारावर लागतो, हे मेतोदीला काय ठाऊक नव्हतं? पण थकलेल्या डोक्याला कोण विचारतो! वर जाऊन, फोन बंद करून तो आडवा झाला.

तळमजल्यावरची स्तांका आजी चष्म्याविना आली, तिने कागदाला नाक लावलं आणि पायरीवर बसकणच मारली. "देवा रे! हुबेहूब आलाय. शेवटी शेवटी किती सुरकुतला होता बिचारा!"

बघता बघता दाराशी गर्दी जमली. आजीने घरात जाऊन श्राद्धाचे गोड गहू शिजायलाही टाकले. तेवढ्यात बाजारातून नेव्हेना आली. बायका तिच्या गळ्यात पडल्या. "धीर धर गं, नेव्हेना."

"धीरच धरलाय, लग्न झाल्यापासून," ती म्हणाली. मग तिची नजर दारावर गेली. "अगंबाई! ही तर माझी मिरची!"

"डोक्यावर परिणाम झाला हिच्या," कोणीतरी हळूच म्हणालं.

इतक्यात टोपी काढून रांगेल गर्दीतून घुसला आणि कागदाला कवटाळून हमसाहमशी रडायला लागला. "माझ्यामुळेच गेलास रे! नाही न्यायचा कॅमेरा तळघरात! ऊठ रे बाबा!"

गलक्याने मेतोदी खरंच उठला. सपाता ओढत खाली आला. "झोपू देत नाहीत मेले. कोण गेलं?"

आजीने छातीवर क्रुसाची खूण केली. रांगेलने त्याला कडकडून मिठी मारली, मग एक सणसणीत शिवी हासडली. मेतोदीने आधी दाराकडे पाहिलं, मग रांगेलच्या ओल्या गालांकडे.

"एप्रन होईल ना रे तुला?"

"हे नाही चालायचं! मी तुझ्यासाठी रडलो, मिरचीसाठी नाही!"

"बघत कुठे होतास?"

"मिरचीकडेच," स्तांका आजीने साक्ष दिली. "अगदी गळ्यात गळा घालून."

शनिवारी सगळी इमारत मिरच्यांची पोती घेऊन अंगणात उतरली. फोटो झाडाला टांगला होता, त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मेतोदी खुर्चीत पाय पसरून, कॅमेरा मांडीवर घेऊन पेंगत होता. शिजवलेले गहू वाया कशाला घालवायचे, म्हणून आजी ते वाटत फिरत होती. आणि पिवळ्या फुलांचा एप्रन बांधून रांगेल भट्टीपुढे मिरच्या उलटत होता. डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"हसू नका!" तो ओरडला. "रडत नाहीये. धूर आहे धूर!"

आजीने त्याच्या हातात गव्हाची वाटी ठेवली. "दाराशी पण धूरच होता का रे?"

रांगेलने मान खाली घालून पुढची मिरची उलटली.