दहाव्याची चटणी

दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा सोमेश्वर झाडाखाली येरझाऱ्या घालू लागला.

कयाधूच्या काठावर पिंड मांडून सगळ्यांनी थोरल्या संतरामदादाला वचनं दिली होती. लेकराला शिकवू, शितलवहिनीला अंतर देणार नाही, हळदीचं रान पडू देणार नाही. कावळे झाडावर बसून ऐकत होते. खाली एकही उतरेना. दादाचा जीव कशात तरी अडकला होता.

"कारळाची चटणी!" सोमेश्वर एकदम ओरडला. "तिच्याबिगर दादा भाकरीला हात लावत नव्हता. म्या आणतो!"

कुणी हो म्हणायच्या आत त्यानं दादाची मोटारसायकल काढली. (विचार मागाहून करायचा, ही त्याची रीतच.)

दादाच्या कॉलनीत शिरताना गेटवर कुणी नव्हतं. घरातून चटणी-भाकर डब्यात भरून निघाला, तर दांडा आडवा. समोर सिक्युरिटीचा हरिचंद. निळा गणवेश, शिट्टी, हातात काठी. सोमेश्वरला गणवेशाची भीतीच; पोस्टमन आला तरी तो आधी हात जोडायचा.

"कोन रे तू?"

"संतरामदादाचा भाऊ."

"त्यांच्या भावाला मी पाह्यलं हाय. झुपकेदार मिशा, टोपलंभर केस."

सोमेश्वरनं चकोट डोक्यावरून हात फिरवला. "सकाळीच उतरवले. दहावा हाय न आज..."

"म्हणूनच! घरचे नदीवर गेलेले पाहून चोरी करून राहिला व्हय?" हरिचंदनं गाडीची चावी काढून खिशात टाकली. "डबा उघड!"

सोमेश्वरनं डबा उघडून दांड्याशेजारच्या कट्ट्यावर ठेवला. खिसेही उलटे केले. (ते कुणी सांगितलं नव्हतं.) मग वहिनीला फोन लावला.

"भिऊ नका भावजी," वहिनी म्हणाल्या. "तुमचे दादा त्या हरिचंदला रोज सांगायचे, नाव विचार, पोलिसाला बोलव, पण चावी काढायचा अन् झडती घ्यायचा तुला हक्क न्हाई. तेच सांगा."

सोमेश्वरनं फोन ठेवला अन् तसंच सांगितलं. तेही हात जोडून.

"बराबर," हरिचंद म्हणाला. "मंग पोलिसालाच बोलवतो. तो हक्क तं हाय न मला?"

"हाय," सोमेश्वर बोलून गेला.

"त्यांना लायसन दाखवशील?"

सोमेश्वरनं लायसन काढलंच नव्हतं. आता आपण कोठडीत, पिंड उन्हात, दादा अधांतरी. हरिचंद नंबर दाबू लागला. सोमेश्वरचे डोळे भरून आले.

"दादा, चुकलो रे!" तो वर बघून रडू लागला. "लायसन काढल्याबिगर तुझ्या गाडीला पुन्हा हात लावणार न्हाई!"

पंख फडफडले. कट्ट्यावर उतरलेल्या कावळ्यानं चटणी माखलेल्या भाकरीचा तुकडा उचलला अन् तो उडाला.

हरिचंदनं फोन खाली घेतला, टोपी काढली.

सोमेश्वरनं पुन्हा फोन लावला. "वहिनी, शिवला! कावळा शिवला!"

पलीकडे वहिनींना हुंदका आवरेना. "काय म्हणल्यावर शिवला हो? माझं नाव घेतलं व्हय? का लेकराचं?"

सोमेश्वरला खरं सांगवेना. "चटणीच पाहिजे होती त्याला," तो म्हणाला अन् फोन ठेवला.

हरिचंदनं खिशातली चावी दोन्ही हातांनी पुढं केली. "चुकलं भाऊ. ही ठेवून घ्यायचा हक्क न्हाई मला. घ्या."

सोमेश्वरनं झटकन हात पाठीमागं नेले.

"मला बी न्हाई," तो म्हणाला, अन् अनवाणीच नदीकडं चालू लागला.