मागच्या खोलीवरची हरकत

घरपट्टीची नोटीस आली तेव्हा पैसे मुकाट्यानं भरायचे की हरकत घ्यायची, एवढाच प्रश्न होता. पण उभा जन्म कारकुनीत गेलेला माणूस अर्ज लिहायची संधी सोडत नाही. मी हरकत घेतली.

नोटिशीत आमच्या घराला एक खोली वाढली होती, स्वयंपाकघरामागची. ती बाबांनी स्वतः बांधली, रविवारी सुट्टीच्या दिवशी चार-चार विटा लावत. (एक भिंत वाकडी आहे. तसं म्हटलं की बाबा म्हणत, "तू मान सरळ धर.") आता तिथं मोडक्या खुर्च्या आणि रिकामे डबे असतात.

"खोली धरली तर पट्टी दीडपट," बायको म्हणाली. "मग मी ती पाडून कपडे वाळत घालायला जागा करणार. आत्ताच सांगून ठेवते."

खोली वाचवायची तर ती पट्टीतून सुटायला हवी होती. मी अर्जात ठासून लिहिलं, 'सदर बांधकाम ही निव्वळ अडगळ असून तेथे मनुष्य राहू शकत नाही.'

पाहणीला साहेब आले. हातात टेप, बोलणं मोजकं.

"विचारतील तेवढंच बोला," बायकोनं मला बजावलं.

"इथं कधी कोणी राहायचं का?" साहेबांनी सहज विचारलं.

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. पण आत पाऊल टाकलं आणि लाकडाच्या भुशाचा तोच जुना वास आला. मला राहवेना.

"राहायचं म्हणजे? अहो, माझा सगळा अभ्यास इथं झाला. ही खिडकी बाबांनी माझ्यासाठी ठेवली, डोळे बिघडू नयेत म्हणून." (चष्मा लागायचा तो लागलाच.) "थंडीत आम्ही सगळी भावंडं इथंच झोपायचो. घरात हीच खोली उबदार."

"खिडकी आहे. उबदार," साहेब लिहू लागले.

दारामागून बायको खाकरली. मला वाटलं, तिला गहिवरून आलं.

"आणि वर माळा आहे," मी शिडी ओढत म्हणालो. "बाबांच्या हातचं शेवटचं काम."

"तो आमच्या नोंदीत नाही," साहेब म्हणाले आणि शिडी चढले.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. दर वर्षी शाळा सुरू झाली की बाबा मला तिथं उभं करून डोक्यावर वही ठेवत आणि रेघ मारून तारीख घालत. मी एकेक तारीख वाचून दाखवली. साहेबांनी पहिली लगेच उतरवून घेतली. बांधकामाचं वर्ष त्यांना हवंच होतं.

महिन्याभरानं निकाल आला. 'अर्जदाराच्या स्वतःच्या कथनावरून' खोली कायम, शिवाय माळा नव्यानं धरला.

"पाडायची ना?" मी बायकोला विचारलं.

ती उठून मागच्या खोलीत गेली. मीही गेलो.

"राहू दे," ती म्हणाली. "भरू आपण. इतक्या वर्षांत मला यातलं काही सांगितलं नाहीत, आणि पट्टीवाल्याला सगळं सांगितलंत." तिनं पदरानं डोळे टिपले. "उभे राहा इथं."

मी चौकटीला पाठ लावली. तिनं माझ्या डोक्यावर वही ठेवून रेघ मारली. ती बाबांच्या शेवटच्या रेघेपेक्षा चांगली बोटभर खाली आली.

"घराची सगळी मापं वाढली," ती म्हणाली, "तुमचं तेवढं कमी भरलं. घ्यायची का हरकत?"