हार्लनच्या तिसऱ्या स्ट्राइकची सोडवणूक

विश्वाची मोजदाद जो राखतो त्या परमेश्वरास नमन असो, आणि त्याच्या खालोखाल मिनेसोटा प्रांतीच्या डासांस, की ज्यांच्यावाचून हे राजकारण उभेच राहिले नसते. मौजे नॉर्डबी येथील बेसबॉलच्या मैदानी, ऑगस्टातील आदितवारी, दोन प्रहर टळल्यावर, पंचाच्या चुकीवरून जे रण माजले आणि जी फत्ते जाहली, तिचे वर्तमान पाहिले तैसे लिहिले असे. पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे थोडेच घातले.

प्रथम कायदा सांगणे प्राप्त. गोलंदाजाने उंचवट्यावरून तोफ डागावी, फलंदाजाने पाचकोनी पाटापाशी बॅट उगारून उभे राहावे, आणि चांगला चेंडू त्यास चुकला वा त्याने सोडला की पंचाने 'स्ट्राइक' म्हणून ललकारावे. ऐशा तीन जाहल्या की फलंदाज बाद, आणि ऐसे तीन गडी बाद की डाव खलास. दुसरा कायदा याहून कडक. पंचाची चूक जाहली तर पुढचा चेंडू सुटण्यापूर्वी तंटा करावा. चेंडू सुटला की चूक ही चूक राहत नाही, तीच सत्य होते, आणि मग खुद्द देवाने अर्ज केला तरी तो फेटाळावा.

तर नॉर्डबीच्या फौजेत हार्लन टॉलेफसन नामे पुराणा सरदार होता. पेशा चीजच्या कारखान्यात, वय पन्नाशीपार. यास मोठा विजय ऐसा कधी लाभला नाही. बहुत करून तीन स्ट्राइक घेऊन तो माघारी येई, परंतु तिसरीवर बॅट ऐसी गरकन फिरवी की पहिल्या रांगेतील बाया टोप्या धरून बसत आणि वारा खाऊन तृप्त होत. सोमवारी त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया ठरली होती, आणि डॉक्टरांचे फर्मान निघाले होते की त्यानंतर जन्मात बॅट धरणे नाही. मग आदितवारची खेळी ही हार्लनची अखेरची, आणि तीत त्याची एकच वासना, की एकदा मनसोक्त फिरवावी.

अखेरचा डाव आला. शत्रू क्लाइनफेल्डकरांच्या धावा चार, नॉर्डबीकरांच्या तीन, नॉर्डबीचा एक गडी बाद, आणि हार्लन पाटावर आला. पहिला चेंडू त्याने पाहून सोडला. स्ट्राइक एक. तेसमयी पंच आर्विड स्टेनरूड, निवृत्त टपालवाला, ज्याने उभ्या हयातीत दिलेला निवाडा फिरवला नव्हता, त्याच्या डाव्या हाती मोजणीची चाकी होती, आणि त्याच हाताच्या मनगटी डास उतरला, आणि आर्विडने उजव्या हाताने चपराक हाणली, आणि डास रणी पडला, आणि चाकी एक घर पुढे सरकली. मग दुसरा चेंडू आला, तोही हार्लनने सोडला, आणि आर्विडने चाकी फिरवून पाहिली आणि गर्जना केली की तीन जाहल्या, बाद.

कुल मैदानास ठाऊक की दोनच जाहल्या. परंतु या प्रांतीचा दस्तूर ऐसा की कोणाचा पाय आपल्या पायावर पडला तर माफी आपणच मागावी, आणि तोंडावर 'तू चुकलास' म्हणणे तर कोणाच्या आजानेही केले नाही. हार्लनने टोपीस हात लावला, "बरं, आर्विड," इतकेच म्हटले आणि बाकावर जाऊन बसला. बॅट मात्र त्याने खाली ठेवली नाही. दोन्ही हातांनी धरून पाहत राहिला.

मग नॉर्डबीचे सेनापती ऑर्व्हिल टीगन, पशुखाद्याचे व्यापारी, पंचावर चालून गेले, आणि त्या मुलखातील सर्वांत भयंकर शब्द त्यांनी उच्चारला.

"आर्विड, हे जरा वेगळंच झालं."

फळ्यांवर बसल्या रयतेचा श्वास अडकला. एका म्हाताऱ्याने कानातील यंत्र चाचपले.

"काय वेगळं, ऑर्व्हिल?"

"नाही, म्हणजे, हवा. पाऊस नाही ना आज."

ऐसी घनघोर चकमक देऊन सेनापती परतले. कुंपणापाशी हार्लनची पत्नी मार्लिस उभी होती.

"सांगितलंस त्याला?"

"स्पष्ट सांगितलं. वेगळंच झालं म्हणालो."

"इतकं बोललास?" मार्लिस गोरीमोरी जाहली. मग म्हणाली, "जन्मभर माझ्या नवऱ्याने दर खेपेला तीन खाल्ल्या, कधी कुरकुर केली नाही. आणि शेवटच्या खेपेला दोनच? पुढचा चेंडू सुटू देऊ नका. मी आलेच." आणि मोटारीकडे धावली.

पुढचा फलंदाज कर्टिस सोरम, गावचा दंतवैद्य. त्याने नाड्या सोडल्या आणि बांधल्या, मग बांधल्या त्या पुन्हा सोडल्या. हातमोजे पालटले. पंचाने फर्मावले की पाटावर यावे. मग कर्टिसने अखेरचा डाव टाकला.

"आर्विड, ती खालची दाढ कशी आहे रे?"

"थंड लागलं की ठणकते."

"बघू जरा. आ कर."

आणि पंचाने मुखवटा काढला आणि भर मैदानी आ वासला, आणि दंतवैद्याने त्याची मान उन्हाकडे फिरवली, आणि तोफखाना उंचवट्यावर तसाच खोळंबला.

तेव्हा क्लाइनफेल्डचे सेनापती गॉर्डी क्रॉयझर संतापून आले. "हा काय दवाखाना आहे का? तो बाद म्हणाला, बाद झाला. खेळा पुढे." मग कोणी न विचारता त्यांनी मुद्दा मांडला, आणि मुद्दा खोटा नव्हता. "एक चूक सुधारलीत तर मागच्या सगळ्या दारात उभ्या राहतील. सत्त्याऐंशी साली माझा भाऊ धावत दुसऱ्या बेसवर वेळेत पोचला होता. याच आर्विडने त्याला बाद दिला. भाऊ अजून दरसाल थँक्सगिव्हिंगच्या सणाला, जेवताना, तेच बोलतो. ते कोण सुधारणार?"

"म्हणूनच मी फिरवत नाही," आर्विड आ वासल्या तोंडाने म्हणाला. शब्द ओळखू आले नाहीत, तरी आशय सर्वांस पोचला.

इतक्यात मार्लिस थाळा घेऊन मैदानात उतरली. थाळ्यात रूबार्बच्या, म्हणजे आंबट देठांच्या, गोड वड्या. आता या मुलखीची रीत ऐसी, की कोणी खाणे पुढे केले तर पहिल्यांदा नको म्हणावे, दुसऱ्यांदा नको म्हणावे, आणि तिसऱ्यांदा, अगदी नाइलाज जाहल्याप्रमाणे, घ्यावे. पहिल्याने घेतो तो अधाशी. तिसऱ्याने विचारीत नाही तो माणसातच नाही.

"घे आर्विड, सकाळीच केल्यात."

"नको नको, जेवूनच आलो."

"घे रे, एक."

"खरंच नको, तुम्हालाच राहू देत."

आर्विडचा हात आपसूक अर्धा वर आला. आणि मार्लिसने थाळ्यावर झाकण घातले, वळली आणि चालू लागली.

नॉर्डबी वसल्यापासून ऐसे कोणी केले नव्हते. गॉर्डीने टोपी काढली.

"मार्लिस," आर्विड कळवळून बोलला, "अगं, दोनदाच विचारलंस."

"हो का? मला वाटलं, आज दोनाचेच तीन धरतायत." ती हसून बोलली, आवाज चढवला नाही, चूक तर कोणाची काढलीच नाही.

 मग आर्विडने डावी मूठ उघडली. चाकीच्या दात्यात डासाचा एक पाय अडकला होता. त्याने चाकी पाहिली, मनगटावरचा डाग पाहिला, आणि बाकावरच्या हार्लनकडे पाहिले. त्याचे कान लाल जाहले. आजवर न फिरवलेले सारे निवाडे जणू त्याच्या पाठीशी रांग लावून उभे राहिले, आणि पुढे हार्लन एकटाच बॅट धरून बसलेला. मग त्याने उभय सेनापतींस पाचारण करून हुकूम सांगितला.

"डोळ्यांनी जे पाहिलं आणि बोललो, ते चुकलं असेल तरी माझं. ते मी फिरवणार नाही. पण तीन म्हणजे तीन, त्याला डोळे लागत नाहीत. मोजणी चुकली ती सुधारायची. हार्लन, ये बाबा. दोन झाल्यात."

"आणि सत्त्याऐंशीचं?" गॉर्डीने अर्ज केला.

"ते डोळ्यांचं होतं."

"भावाला काय सांगू?"

"सांग, आर्विडला चष्मा लागलाय."

गॉर्डी म्हणाला की याने निदान एक थँक्सगिव्हिंग निघेल, आणि हरकत मागे घेतली.

मग हार्लन पाटावर आला आणि फळ्यांवरील रयत उठून उभी राहिली. पहिल्या रांगेतील बायांनी टोप्या धरल्या. तोफ सुटली. हार्लनने दुखरा खांदा, कंबर, गुडघे आणि सारी उमर एकवटून बॅट ऐसी फिरवली की स्वतः दीड गिरकी घेऊन धुळीत बसला, आणि चेंडू पाटामागे बसल्या झेलणाऱ्याच्या हातमोज्यात फटकन शिरला.

"तीन," आर्विड हळूच म्हणाला, आणि त्यास उठवावयास हात दिला.

"हो," हार्लन धुळीत बसल्या बसल्या हसून म्हणाला, "ही आली."

पुढे कर्टिसचा चेंडू आभाळी चढून शत्रूच्या हाती पडला आणि करंडक क्लाइनफेल्डास गेला, तो किरकोळ मजकूर. मुख्य कलम ऐसे, की डासाने लुटून नेलेली स्ट्राइक एक, नॉर्डबीकरांनी पुढचा चेंडू सुटण्याआधी, कोणासही चुकलास न म्हणता, सोडवून आणली आणि मूळ मालकाच्या हवाली केली. मालकाने पावली म्हणून टोपी काढून कळवले, आणि त्याच ठायी, एका गिरकीत, सारीच्या सारी खर्च केली. नॉर्डबीची फत्ते मुक्रर असे.