जनूभाऊ कितव्या पानावर आहेत

ग्रंथ अमर असतात, असं मी पस्तीस वर्षं वर्गात सांगत आले. जनूभाऊ म्हसे यांच्या माहितीप्रमाणे ग्रंथ सोळा मिनिटांत विरघळतो. पुठ्ठ्याची बांधणी असेल तर वीस. त्यांनी ते घड्याळ लावून बघितलेलं आहे. खोपोलीकडच्या एका कागद गिरणीत ते रद्दीच्या हौदावर होते; गावोगावची पुस्तकं, वह्या, लग्नपत्रिका पाण्यात ढकलायच्या आणि लगदा होईपर्यंत बघत उभं राहायचं, हे त्यांचं काम.

हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं ते एवढंच, की आमच्या इमारतीत तळमजल्यावर एकटाच राहणारा हा सत्तरीचा माणूस रोज सकाळी दुसऱ्यांच्या मोबाईलमध्ये स्वतःला शोधतो.

कर्जत स्टेशनबाहेरचा वडेवाला, नाक्यावरचे रिक्षावाले, बँकेच्या रांगेत पुढे उभी असलेली अनोळखी बाई, कुणीही चालतं. "जरा मोबाईल द्या. मी कुठं हाय ते बघू." दाढ काढून घेतल्याबरोबर जनूभाऊंनी डॉक्टरांकडे चूळ भरायला पाणी मागितलं नाही, मोबाईल मागितला. मग ऑनलाइन बाजार उघडायचा, 'जुनी दुर्मिळ मराठी पुस्तकं' असं टाकायचं आणि बोटाने वर सरकवत राहायचं. 'म्हसे पुस्तक भांडार' हे नाव दिसलं, की ते कितव्या पानावर आहे ते बघून मोबाईल आभारासह परत.

स्वतःच्या मोबाईलवर का बघत नाही, असं मी एकदा विचारलं.

"तो लबाड हाय, बाई. मालकाला खूश ठेवतो. मला रोज पयल्याच पानावर दाखवतो."

मागे आमच्या वाचनालयात डिजिटल क्रांतीवर तीन पाहुण्यांची भाषणं झाली, शाली झाल्या, नारळ झाले. इतकी नेमकी गोष्ट तिघांना मिळून सांगता आली नव्हती.

पुस्तकं त्यांच्याकडे आली ती त्याच हौदाच्या काठावरून. एखादं जुनं, शिवण घट्ट असलेलं, चित्रांचं पुस्तक दिसलं की ते बाजूला काढायचे. पण गिरणीचं नुकसान होता कामा नये. म्हणून दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वजनाची वर्तमानपत्रं घरून नेऊन हौदात टाकायची. कडावला, त्यांच्या गावी, शेजारपाजाऱ्यांकडून ते वर्तमानपत्रं मागून घेत. गावाला वाटायचं, माणूस वाचनाचा भुकेला आहे. अशी अकराशे पुस्तकं जमली. त्यातलं एकही त्यांनी वाचलं नव्हतं. विकायची वस्तू हाताळून खराब करू नये, असं त्यांचं मत.

दुकान ऑनलाइन टाकून दिलं ते पुतण्याने. तो गेला परदेशी, आणि जनूभाऊ उरले त्या यंत्राच्या तोंडी. यंत्र म्हणजे माझा शब्द. त्यांच्या मते आत एक साहेब बसलेला असतो, गिरणीत पाळीचा सुपरवायझर असायचा तसा, आणि तोच रोज सकाळी कुणाला वर बसवायचं आणि कुणाला खाली, ते ठरवतो. तक्रारीच्या चौकटीत त्यांनी 'मा. साहेब यांस, सप्रेम नमस्कार' अशी सुरुवात करून दीड पानी पत्र लिहिलं. एका सेकंदात उत्तर आलं: आम्हाला तुमची अडचण समजते. जनूभाऊ ते उत्तर दोन दिवस दाखवत फिरले. "समजतं म्हणतायत. गिरणीत कुणी एवढंपण म्हणालं नाय."

साहेबाला समजलेलं असूनही दुकान खाली घसरत होतं, आणि त्याची कारणं उघड होती. बाकीचे विक्रेते लिहायचे, 'अतिदुर्मिळ प्रथमावृत्ती, संग्राह्य, उत्तम स्थिती'. जनूभाऊंनी विहिरी खणण्यावरच्या एका नामांकित जुन्या पुस्तकाखाली लिहिलं होतं, 'सत्तेचाळीस नंबरचं पान नाही. एकोणपन्नासवर हळद. वास येतो, पण वाईट नाही.' 'दुर्मिळ' हा शब्द टाका, शोधताना लोक तोच टाकतात, असं मी सुचवलं. ते म्हणाले, हे पुस्तक दुर्मिळ नाही, ह्याच्या चारशे प्रती त्यांनी स्वतः हौदात ढकललेल्या आहेत. मग मीच म्हटलं, म्हणून तर ते आता दुर्मिळ झालं. त्यांनी तरीही शब्द टाकला नाही.

खरं नुकसान मात्र एका प्रश्नाने केलं. ऑर्डर आली, की जनूभाऊ गिऱ्हाइकाला निरोप पाठवून विचारायचे, "वाचणार का?" नागपूरच्या एका गृहस्थांनी कळवलं, भेट द्यायचं आहे. ऑर्डर रद्द. मुंबईच्या एका संग्राहकाने सांगितलं, पिशवीत बंद करून कपाटात ठेवणार, किंमत वाढेल. ऑर्डर रद्द, वर चार खडे बोल. विक्रेत्याने ऑर्डर रद्द केली की दुकान शोधात खाली जातं, हे त्या बाजाराच्या नियमात स्वच्छ लिहिलेलं होतं. पहिल्या पानावरचे जनूभाऊ चौथ्यावर गेले, चौथ्यावरून नवव्यावर. नवव्या पानापर्यंत कुणी येत नाही. गिऱ्हाईक तर नाहीच, वडेवालासुद्धा तिसऱ्या पानानंतर मोबाईल परत मागायचा.

मग एके दिवशी इशारा आला. आणखी एक ऑर्डर रद्द केलीत तर दुकान कायमचं बंद. मी तो वाचून मराठीत सांगितला. मला वाटलं होतं, ते साहेबाला दुसरं पत्र लिहितील. ते कपाटाकडे बघत म्हणाले, "दुकान गेलं म्हंजे संपलंच. मला काय झालं तर पुतण्या येनार, खोली रिकामी करनार. रद्दीवाल्याला बोलवंल. हितला रद्दीवाला माल कुठं पाठवतो, ठाव हाय ना?"

मला ठाऊक होतं. त्याच गिरणीत.

म्हणजे हा धंदा नव्हता. अकराशे पुस्तकांना आपल्या डोळ्यांदेखत घरं लावून द्यायची होती, आणि घरं सगळी पहिल्या पानावर होती.

तीन आठवडे एकही ऑर्डर आली नाही. नंतर एकदम आली ती बेचाळीस पुस्तकांची, एका झटक्यात, कळंबच्या एका रिसॉर्टकडून. जनूभाऊंनी सवयीने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मॅनेजर मुलगी नेरळची होती, बोलायला मोकळी.

"वाचणार का?" जनूभाऊंनी विचारलं.

"नाय ओ काका. कॅफेत मोठी भिंत हाय, मोकळी दिसते. तपकिरीच पाठवा हां. लाल नको, सोफा लाल हाय."

जनूभाऊंनी फोन ठेवला. रद्द करायची तर दुकान बंद. पाठवायची तर पुस्तकं भिंतीवर. दोन दिवस ते मोबाईल मागायला बाहेर पडले नाहीत, तेव्हा वडेवाल्याने माझ्याकडे चौकशी केली, भाऊ आजारी हायत का. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार वाजवून सुतळी मागितली. बेचाळीस तपकिरी पुस्तकं निवडून, एकेक पुसून, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेली होती. "बाकीची हजार तरी सुटतील," एवढंच म्हणाले.

आम्ही रिक्षाने कळंबला गेलो. मॅनेजर मुलीने स्वागताला कोकम सरबत दिलं आणि दोन पोरांना शिडी आणायला सांगितलं. पोरांनी पुस्तकं भिंतीवर लावली ती पाठ आत आणि पानं बाहेर करून. हल्ली असंच छान दिसतं, असं तिने समजावलं. नावं दिसत नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, नावं वाचायला कोण येतंय काका. जनूभाऊ सरबत न संपवता उठले.

साहेब मात्र प्रसन्न झाला. एका आठवड्यात 'म्हसे पुस्तक भांडार' पहिल्या पानावर, वरून तिसरं. मी माझ्याच मोबाईलवर दाखवलं. त्यांनी मान डोलावली. ऑर्डरी सुरू झाल्या. वाचणार का, हा प्रश्न त्यांनी बंद केला. सांगलीच्या एका शिक्षकाने न विचारताच कळवलं, की हळदीचं पान त्याच्या आईला फार आवडलं. ते पत्र जनूभाऊंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

फक्त एक बदल माझ्या लक्षात आला. सोमवारी ते सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. विचारलं तर म्हणायचे, काम हाय. शेवटी माझी भाची सुट्टीला आली, तिला रिसॉर्ट बघायचं होतं, म्हणून एका सोमवारी आम्ही दोघी कळंबला गेलो.

कॅफेत, भिंतीखालच्या लाल सोफ्यावर, मनगटाला गुलाबी कागदी पट्टी बांधून जनूभाऊ बसले होते. शेजारी शिडी. समोर चार पुस्तकं, पानं वाऱ्याला उघडून ठेवलेली, आणि पाचवं हातात. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होते. मला बघून ते चोरी सापडल्यासारखे झाले.

"बसा बाई," म्हणाले. "तेरा झाली. हे चौदावं. काई काई लई अवघड हायत."

मी विचारलं, घरात होती तेव्हा का नाही वाचली.

"तवा मी दुकानदार व्हतो," ते म्हणाले. "हितं वाचनारं कुणी नाय, ते तिनं फोनवरच सांगितलेलं. मंग कुणीतरी नको का?"

चौदावं पुस्तक मधमाश्या पाळण्याविषयी होतं. त्यातलं एक वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं, अडखळत, आणि बरोबर आलं का म्हणून विचारलं. मी बरोबर आहे म्हणाले. मॅनेजर मुलगी जाताजाता थांबली, तिने पंखा त्यांच्याकडे वळवला आणि सांगितलं, की बाहेरच्या माणसाला आत असं नुसतं बसता येत नाही, त्यामुळे काका दर सोमवारी दिवसभराच्या सहलीचं तिकीट काढतात.

त्या तिकिटात नाश्ता, जेवण आणि पोहण्याचा तलाव येतो. जनूभाऊंना पोहता येत नाही.