कार्थेजची वाटणी

रोमचं साम्राज्य मी आमच्या जेवणाच्या टेबलावर बुडवलं! हसू नका. इतिहासात रोम जिंकलं आणि समुद्रापलीकडचं कार्थेज बेचिराख झालं. माझ्या खेळात कार्थेज जिंकतं. मग त्याचे दोन सेनापती जिंकलेले प्रांत वाटून घ्यायला बसतात आणि तिथेच जुंपते. नकाशा, सोंगट्या, पुठ्ठ्याचे हत्ती, सगळं घरी केलेलं. युद्ध पेटणारच, अशी छातीठोक हमी मी दिली होती, तीही खेळ छापणाऱ्या साहेबांना! साहेब वर्षाला एकच नवा खेळ काढतात.

"खेळून दाखवा," ते म्हणाले होते. "चहा संपेपर्यंत युद्ध पेटलं, तर छापतो."

साहेब वेळेवर आले. माझे सरावलेले दोन खेळाडू आलेच नाहीत. एकाला ताप आणि दुसऱ्याला त्या एकाचा ताप! दादा वर्तमानपत्रातून डोकं वर काढेना. उरल्या माझी बायको आणि थोरल्या वहिनी. बसवलं त्यांनाच सेनापती करून.

इथे माझा हिशेब चुकला. या दोघी जावा एका छताखाली राहून कधी भांडलेल्या नाहीत. पंख्याखालची खुर्चीसुद्धा एकमेकींना देत राहतात आणि शेवटी तिथे मी बसतो. त्यात मी नियम केला होता की आपला प्रांत दुसऱ्याला देऊन टाकता येईल. बंडखोर मुलूख शत्रूच्या गळ्यात मारता यावा, म्हणून!

"वहिनी, सिसिली तुम्ही घ्या."

"छे गं, तूच घे. तू धाकटी."

"मोठ्यांच्या आधी मी कशी घेऊ?"

सिसिली टेबलावर येरझाऱ्या घालू लागली. साहेबांनी जांभई दिली. कप अर्धा झाला होता. मी बायकोच्या कानाशी लागलो. "अगं, हल्ला कर!"

"पाहुण्यांसमोर? वहिनींवर?"

तेवढ्यात वहिनींनी मायेनं हत्ती पुढे सरकवले. "हे तुझ्याकडेच असू देत."

"आले का माझ्याकडेच?" बायको गोड हसली. "तुमचं ते मोडकं कपाटही असंच आलं होतं."

साहेबांनी कप खाली ठेवला.

"मोडकं? आवडीनं दिलं होतं हो! बरं, मग स्पेन घे. सगळ्यात लांब आहे. नाहीतरी तुला वेगळंच राहायचंय."

"मी कधी म्हटलं?"

"माहेरी, फोनवर."

"म्हणजे तुम्ही माझे फोन ऐकता!"

फासे कोणी हातात घेतलेच नाहीत. स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ, गॅलरीतली कपड्यांची दोरी, न्हाणीघरातली बादली, एकेक प्रांत पेटत गेला. दादानं हातातलं वर्तमानपत्र आणखी वर धरलं. साहेब खुर्ची ओढून पुढे सरकले. मी मात्र अगदी शांत होतो. घर जळत होतं, पण खेळ छापला जात होता!

"वा!" साहेबांना राहवेना. "धाकट्या बाई, आता ते कपाट परत करा! मोठ्या बाई, सोडू नका!"

दोघी एकदम थांबल्या.

"तुम्ही कोण हो आमच्यात बोलणारे?" वहिनी.

"आमचं आजवर एका शब्दानं वाजलेलं नाही!" बायको.

"आणि भावजी, जावाजावांत लावून द्यायला माणूस बोलावलात? शोभतं का तुम्हाला?"

पुढच्या क्षणी मी आणि साहेब जिन्यात होतो. माझ्या एकाच पायात चप्पल होती. साहेबांचे डोळे चमकत होते.

"तिसरा मध्ये पडला की दोन्ही सेनापती एक होतात! काय नियम काढलात हो! कुठल्या पानावर आहे?"

"शेवटच्या," मी ठोकून दिलं.

"छापतो! फक्त याच दोघींचा अजून एक डाव बघू द्या. आत्ताच!"

मी ऐटीत बेल वाजवली.

"कोण आहे हो, वहिनी?" आतून बायकोचा आवाज आला.

वहिनींची पावलं दारापर्यंत आली. दाराच्या भिंगातून त्यांनी बाहेर पाहिलं असावं.

"कोणी नाही गं."