एका मापाचं गाव

राहू गावच्या सोसायटीच्या सभेत मी एकदा चुकीचा कागद वाचला. नुसता वाचला असता तर निभावलं असतं. सभेनं तो मंजूर केला.

त्या दिवसांत सामुदायिक शेतीचं वारं सगळीकडेच होतं. बांध मोडून गावानं एकत्र शेती करावी की नाही, हे ठरवायला आमच्या सोसायटीनं सभा बोलावली होती. माझं अक्षर बरं आहे, आणि माझ्यातली एवढी एकच गोष्ट गावात कुणी नाकारत नसे. म्हणून उपनियमांची स्वच्छ प्रत करून ती वाचून दाखवायचं काम शाळामास्तर या नात्यानं माझ्याकडं आलं. पिशवीत माझ्याच अक्षरातला आणखी एक जुडगा होता. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि हाताला लागला तो कागद वाचू लागलो. यापुढं गावात एकच चूल पेटेल. सर्वांना कपडे एकाच मापाचे मिळतील. ज्याला कपडा बसणार नाही, त्यानं आठ दिवसांत कपड्याला बसावं.

तिसऱ्या वाक्याला माझी जीभ अडखळली. हे उपनियम नव्हते. हे आमच्या गावचे शिंपी गुलाबभाई टेलर लिहीत होते त्या कादंबरीचं तिसरं प्रकरण होतं.

मी मान वर केली. समोर कुणी पान लावत होतं, कुणी फेट्याच्या शेवानं वारा घेत होतं. चेअरमनआबा म्हणाले, "बरं लिवलंय. हात वर करा." सगळे हात वर गेले. माझाही गेला. का गेला ते आजही सांगता येणार नाही. सगळ्यांचा गेला होता, एवढं मात्र खरं.

मागच्या रांगेतून एकच माणूस उठला. खुद्द गुलाबभाई. "माझा इरोध हाय," ते म्हणाले. "लिवून घ्या."

स्वतःच्याच कादंबरीला विरोध नोंदवणारा लेखक मी दुसरा पाहिला नाही. पुढं माझी चूक उघडकीला आली, हसाहशी झाली, मी खरे उपनियम वाचले, तर पहिल्याच कलमाला दोघे भाऊबंद बांधावरून एकमेकांच्या अंगावर गेले आणि सभा तहकूब झाली. पण गुलाबभाईंना हसू येईना. घरी परतताना ते माझ्या शेजारून चालत होते. म्हणाले, "मास्तर, लोकास्नी भ्या वाटावं म्हनून मी ते लिवलं हुतं. त्येंनी पास केलं."

गुलाबभाईंचं दुकान वेशीला लागून होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक पायमशीन आणि गिऱ्हाइकांना बसायला एक बाक. तरणेपणी ते दौंडला एका ठेकेदाराकडं रेल्वेच्या माणसांचे कपडे शिवायचे. तिथं तीन मापं होती, लहान, मधलं आणि मोठं. सात वर्षं त्यांनी तीन मापांत माणसं बसवली आणि एक दिवस कात्री घेऊन राहूला निघून आले. तेव्हापासून त्यांनी एकासारखा दुसरा सदरा शिवला नाही. माप तर दर वेळी नव्यानं घ्यायचे. गेल्याच महिन्यात घेतलं होतं की, असं कुणी म्हटलं तर विचारायचे, "महिन्यात तुमी काय जेवलाच न्हाई व्हय?" आणि घाई करणाऱ्याला त्यांचं ठरलेलं वाक्य ऐकायला मिळायचं. "मानूस काय ताग्यातनं फाडलाय?"

हे ठाऊक असूनही झेंडावंदनाच्या कवायतीसाठी बारा मुलांचे एकसारखे सदरे शिवायचं काम मी त्यांनाच दिलं, यावरून माझी हुशारी ओळखावी. बारा सदरे बारा तऱ्हेचे आले. डावखुऱ्याचा खिसा उजवीकडं. ज्याला सारखं घाम पुसायची सवय त्याची बाही वीतभर लांब. एकाच्या कॉलरला आतून मऊ कापड, कारण त्याच्या मानेला गळू झालेलं यांनी माप घेताना पाहिलं होतं. कवायतीत रांग सरळ होती, पण बघणाऱ्याला ती वाकडीच वाटत होती. हेडमास्तरांनी मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. मुलं मात्र ते सदरे फाटेपर्यंत अंगातून काढायला तयार नव्हती.

कादंबरी ते जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहायचे. त्यांचं अक्षर त्यांच्या टाक्यांइतकं बारीक आणि टाक्यांसारखंच एकमेकांत अडकलेलं, म्हणून मी उतरून काढायचो. पुढं कधीतरी येणाऱ्या काळातलं गाव. तिथं भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की हसायचं. कपडा एका मापाचा. त्या गावात एक लांब हाताचा माणूस राहतो. त्याला नाव नाही. त्याची मनगटं बाहीबाहेर येतात आणि तोच त्याचा गुन्हा. सगळं गाव त्याला सांगतं, बाबा, हात जरा दुमडून चाल, म्हणजे झालं.

हा माणूस शेवटी गावात राहतो की गाव सोडतो, हे गुलाबभाईंना ठरवायचं होतं, आणि ते एकट्या त्या माणसापुरतं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ शिरूरला असायचा. घरात चौदा माणसं, एक चूल. दर महिन्याला त्याचं पत्र यायचं की दादा, आता एकटे राहू नका, इकडं या. उत्तर मीच लिहायचो, मजकूर ठरलेला होता. पुस्तक संपलं की कळवतो. लांब हाताचा गावात थांबला तर गुलाबभाई शिरूरला जाणार. तो निघून गेला तर हे राहूलाच एकटे राहणार. माणसानं आपल्या पुढच्या आयुष्याचा निकाल कादंबरीवर सोपवावा हे मला पटत नव्हतं. पण माझे स्वतःचे निकाल बहुतेक बायको लावते, तेव्हा बोलायला तोंड नव्हतं.

गंमत पुढंच आहे. गावाविरुद्धची ही कादंबरी गुलाबभाई लिहायचे गावाला वाचून दाखवत. कपड्यासाठी थांबलेली माणसं बाकावर बसून ऐकायची आणि गप्प राहायची नाहीत. एकानं लांब हाताच्याला बैल द्यायला लावला. ताकवाल्या सखूमामींनी त्याचं लग्न करा म्हणून हट्ट धरला. गुलाबभाई भडकले. "ह्यो माझा मानूस हाय. तुमी कोन त्येचं लगीन लावनारे?" पुढच्या आठवड्यात माझ्याकडं कागद आला, त्यात लग्न होतं. बैलही होता, वऱ्हाडाच्या गाडीला.

मी चक्रावून गेलो होतो. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे, एकट्याच्या की सगळ्यांच्या, असं मी त्यांना सरळ विचारलं. त्यांनी मशीन थांबवली आणि मला चहा पाजला.

शेवटच्या प्रकरणाला मात्र महिना झाला, दोन झाले, कागद येईना. उन्हाळ्याच्या सुटीत एका दुपारी मीच दुकानात गेलो. बाक रिकामा होता. गुलाबभाई कोऱ्या कागदापुढं बसले होते.

म्हणाले, लांब हाताचा बायकोला मागं ठेवून गावातून निघाला. नदी ओलांडली. आता त्याच्याकडं स्वतःचं कापड आहे, कात्री आहे, भोंगा नाही. मी म्हटलं, म्हणजे संपलीच की कादंबरी.

"न्हाई संपत. सदरा बेतायला बसलाय त्यो. गळा मापला, छाती मापली, हात मापला." त्यांनी टेप स्वतःच्या खांद्यावरून मागं टाकला. तो पाठीवर नुसताच लोंबत राहिला. "पाठ कोन मापनार?"

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या अंगातला सदरा नीट पाहिला. अख्ख्या गावाला बेतून देणाऱ्या माणसाचा सदरा दोन्ही खांद्यांमध्ये ताणला होता, शिवण दोनदा उसवून दोनदा घातलेली. माझ्या नजरेचा रोख त्यांना कळला. म्हणाले, माप बायको घ्यायची. ती जाऊन चार वर्षं झाली. तेव्हाच्याच आकड्यावर कापतो. पाठ वाकली, आकडा तसाच आहे.

मी म्हटलं, मग त्या माणसानं गावात परत यावं.

"नगं. गाव आलं म्हंजी धाजन टेप धरत्याल आन् आपापलंच माप सांगत्याल."

"मग शिरूरला जा. घरची माणसं आहेत."

"चौदाजनांत कुनाला म्हनायचं, माझी पाठ माप? ज्येला म्हनंल त्यो दुसऱ्याला हाक मारंल." त्यांनी कोरा कागद बाजूला सारला. "गाव नगं, मास्तर. एक मानूस बास."

मी त्यांच्या खांद्यावरचा टेप घेतला आणि त्यांना उभं राहायला सांगितलं. टेप मी उलटा धरला होता. त्यांनी न वळताच तो चिमटीनं सुलटा करून दिला आणि ताठ उभे राहिले, निदान पाठ जेवढी ताठ होत होती तेवढे. मी एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत टेप धरला आणि आकडा मोठ्यानं वाचला. ते हलले नाहीत. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून पुन्हा वाचला. तरी ते तसेच उभे, आणि माझी बोटं तशीच त्यांच्या पाठीवर.

मग ते मशीनवर जाऊन बसले. दोरा ओवता ओवता म्हणाले, "भावाला लिवून टाका. अजून एक प्रकरन हाय म्हनावं."

घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगितलं. तिचं माहेर केंदूर, आणि ती बोलायला कमी. सुपातली डाळ पाखडत ऐकत होती. मी म्हटलं, हा माणूस एकटेपणाच्या बाजूचा की गावाच्या, हे मला शेवटपर्यंत काही उमगलं नाही. तिनं त्यातलं काही विचारलंच नाही. विचारलं, "माप किती भरलं?"

मी आठवू लागलो. सोळा होतं की साडेसोळा. त्यांनी लिहून घेतलं नव्हतं आणि मीही नाही.

"मग उद्या परत जाऊन घ्या," ती म्हणाली. सूप आपटून तिनं कोंडा उडवला. "आन् उद्याबी इसरून या."