सोपानतात्यांचं ठेंगणं दार

सोपानतात्या नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. आधी त्याची उंची बघतात. आमच्या चांद्यात हल्ली घरोघरी कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात. त्यांतलं एखादं ताडमाड पोरगं दिसलं, की तात्या त्याला रस्त्यातच अडवतात. "वाघजाईला जानार आसशील तर वाकून जा. न्हाईतर कपाळमोक्ष हाय."

वाघजाईचं देऊळ जुनं, काळ्या दगडाचं. दार इतकं ठेंगणं, की शाळकरी पोरालाही मान खाली घालावी लागते. तात्या सकाळ-संध्याकाळ त्या दारापाशी ठाण मांडून. कुणी दगडाला ऑइलपेंट लावायला निघालं, की ओरडतात, "तुज्या आज्याला लाव रंग!" एकदा एका भक्तानं नवसाची घंटा टांगायला ड्रिल मशीन आणलं, तर तात्या त्याच्या वायरीवर मांडी घालून बसले. गावाच्या मते तात्या अर्धवट. मी देवस्थान मंडळाचा चिटणीस, त्यामुळे माझ्या मते नुसती डोकेदुखी.

जमिनी विकून गावात पैसा आला आणि मंडळाला हे देऊळ खुपायला लागलं. जीर्णोद्धार करायचा. म्हणजे जुनं पाडून स्लॅबचं बांधायचं, चकचकीत फरशी घालायची, ऐसपैस दार करायचं. ग्रामसभेत तात्या उठले. "घरं पाडली, हिरी बुजवल्या, त्येवढ्यानं भागलं न्हाई व्हय?"

"तात्या, तुमी बी जुनं घर पाडून चार मजली बिल्डिंग बांधलीच की," सरपंच म्हणाले.

"बांधली. म्हनूनच सांगतोय."

शेवटी देवीलाच कौल लावायचं ठरलं. गुरव देवीच्या डाव्या-उजव्या अंगाला ओली फुलं चिकटवतो. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सगळा गाव जमला. गुरवानं गाऱ्हाणं घातलं आणि उजवं फूल टपकन पडलं. मंडळानं उदो उदो केला. नारळही फुटला. तात्या मात्र फुलाकडे बघतच नव्हते. एका प्लॉटवाल्यानं दिलेला उभा पंखा देवीच्या उजव्या अंगाला भणाणत होता, तिकडे बोट करून ते कडाडले, "ह्यो कौल देवीचा न्हाई, पंख्याचा हाय! बंद करा आन् परत इचारा."

पंखा बंद झाला. गुरवानं नवी फुलं लावली. माणसं घामानं निथळायला लागली. बऱ्याच वेळानं डावं फूल पडलं. सरपंचांनी कपाळ पुसलं आणि देऊळ पाडायचं नाही, असं जाहीर केलं.

पण मंडळ कसलं गप्प बसतंय! पाडायचं नाही तर नाही, दार तरी हातभर उंच करू, लोकांची डोकी फुटतात. तात्यांची समजूत घालायचं काम अर्थातच चिटणिसाच्या गळ्यात. संध्याकाळी मी भांडणाच्या तयारीनंच गेलो. तात्या दारात एकटेच बसले होते. माझं बोलणं त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

"लगीन लागलं आन् वरात थेट हितं आली," ते म्हणाले. "तिचा पदर हनवटीपतुर. तोवर मी तिचं तोंड बी बघितलं नव्हतं. वाक म्हनायच्या आत तिनं कपाळ आपटलं. पदर सरकला. मला वाटलं, आता रडंल. तर ही हसाया लागली. तवा पैल्यांदा बघितली मी तिला."

तात्यांच्या पत्नी, आमच्या काकी, जाऊन बरीच वर्षं झाली. खरं सांगायचं तर मला त्यांचा चेहराही नीट आठवत नाही.

"जुनं घर मीच पाडलं," तात्या म्हणाले. "पोरं म्हनली, भाडं यील. येतंय की. पर तितं आता तिचं काय ऱ्हायलं न्हाई. चूल न्हाई, न्हानी न्हाई. ऱ्हायलं ते हितंच."

"लई लागलं व्हतं का?" मी विचारलं.

"टेंगूळ आलं की. मी हळद घिऊन गेलो, तर म्हनली, आदी दाराला लावा. त्याला बी लागलं आसंल."

तात्या हसायला लागले आणि हसता हसता रडले. इतकी वर्षं ज्या माणसाला मी डोकेदुखी म्हणत होतो, त्याचा हात धरून मी अंधार पडेपर्यंत तिथं बसलो.

दार आहे तेवढंच राहील, असं मी दुसऱ्या दिवशी मंडळाला सांगून टाकलं. कारण विचारलं, तेव्हा सरळ देवीच्या नावावर खपवलं.